कारण लिहा

रामकुंडाजवळ बाबांच्या चोपड्या आहेत,
लाल कापडात बांधलेल्या, एकशे बारा.
कुणी येतं भुसावळहून, कुणी इंदूरहून,
केस ओले, हातात पिंडाचा द्रोण.
बाबा विचारतात गाव कोणतं, आडनाव काय,
आणि तेवढ्यावर उघडतात
सहा पिढ्या.
खापरपणजोबा पटकीत गेले. आत्या बाळंतपणात.
वाचतात खड्या आवाजात, घाटाच्या गोंगाटात,
पलीकडे ताक विकणाराही ऐकतो.
कुणाला काही वाटत नाही.

मी गंगापूर रोडच्या हॉस्पिटलात, तळघरात.
रेकॉर्ड विभाग, एसी बिघडलेला.
जुने केसपेपर स्कॅन करते,
टाचण्या उपसून अंगठ्याला घट्टा पडलाय.
इथे गाव-आडनाव सांगून काही उघडत नाही.
पासवर्ड दर नव्वद दिवसांनी मरतो.
कुणी काय पाहिलं, किती वाजता, किती वेळ,
सगळं यंत्र लिहून ठेवतं
चित्रगुप्तासारखं,
पण मधे चहाला न उठता.

मार्गशीर्षात एक गृहस्थ आले होते,
सोनेरी काडीचा चष्मा, पेढ्यांचा पुडा.
"भाच्याची सोयरीक ठरतेय. मुलगी तुमच्याकडे
ॲडमिट होती म्हणे. कागद नकोच,
तुम्ही फक्त मान हलवा, हो की नाही."
मान स्थिर ठेवणं सोपं नसतं,
तीही काहीतरी बोलून जाते.
मी टाचण्यांच्या डबीकडे बघत राहिले
ते जिना चढून जाईपर्यंत.
पेढे लिफ्टवाल्या सोपानला दिले.
त्या दिवशी मला स्वतःचा अभिमान वाटला होता,
हेही नोंदवून ठेवते.

मग चौदा तारखेला
किडनी विभागाच्या यादीत
बाबांचं नाव.
वय एकाहत्तर. पंचवटी.
संमतीपत्रावर त्यांचीच सही,
ण काढलेला तसाच, चोपडीतल्यासारखा,
आणि एका चौकोनात खूण:
नातेवाइकांना माहिती देऊ नये.

मी उघडलं.
चार मिनिटं, अकरा सेकंद.

सोमवारी गोपनीयता अधिकारी बोरस्ते मॅडम
खुर्ची ओढून बसल्या. रागावल्या नाहीत.
कागद पुढे सरकवला,
'नोंद पाहण्याचे कारण'.
मी लिहिलं, मुलगी.
त्या म्हणाल्या, हे कारण नाही, हे नातं झालं.
नियमात दोन्ही वेगळी आहेत.
मी खोडलं. लिहिलं, भीती.
त्यांनी ते दोनदा वाचलं,
चष्मा पुसला, शिक्का मारला.
पंधरा दिवस माझं लॉगिन बंद.

संध्याकाळी बाबा पंचा वाळत घालता घालता
सांगतात, आज बऱ्हाणपूरचं कुटुंब आलं होतं,
त्यांच्या आजोबांची सही सापडली, मोडीतली,
तर तो माणूस रडलाच हो.
स्वतःचं काही सांगत नाहीत.
मीही विचारत नाही
की गुरुवारी सकाळी एवढं कुठे जाता.

फक्त आमटीत आता चिमूटभरच मीठ पडतं.
लोणच्याची बरणी वरच्या फळीवर गेलीय.

काल त्यांनी पहिला घास घेतला
आणि थांबले.
पानाच्या डाव्या बाजूला पाहिलं,
जिथे मिठाची वाटी असायची.
मग माझ्याकडे.

मग भात कालवून
जेवत राहिले.