पाच किलो चारशे

तेवीस वर्षं भांडुपच्या पोस्टात, पार्सलच्या खिडकीमागे,
मी लोकांना एकच प्रश्न विचारत आले:
आत काय आहे?
लोणचं, सांगतात. कपडे. बाळंतविडा.
कुणी नुसतंच ‘सामान’ म्हणतं आणि नजर चुकवतं.
मी काट्यावर ठेवते, शिक्का मारते, पुढचा.

आज शनिवारी रात्री ओट्यावर
भाचीची निळी सॅक तोंड उघडून बसली आहे.
पहाटे पाचला मुलुंड चेकनाक्यावरून गाडी,
तिथून माहुली.
डिसेंबर आहे. वय त्रेपन्न आहे.

यादी ओजसने पाठवली. तो आमचा लीडर, पंचविशीतला,
मला मॅडम म्हणतो
आणि माझ्या गुडघ्यांची चौकशी दोनदा करून झाली त्याची.
पाणी तीन लिटर, असं लिहितो तो.
तीन किलो, असं वाचते मी.
टॉर्च. टोपी. मीठ-साखरेची पुडी.
जास्तीचे मोजे. कचऱ्यासाठी पिशवी.
शिट्टी.

शिट्टी?
या घरात शिट्टी एकच, कुकरची,
आणि तिला ओ देणारी मीच.

दशम्या केल्या. मोजल्या तर चौदा.
चौदा, बाई!
हात अजून त्या दिवसांचा हिशेब करतात
जेव्हा इथं सहा ताटं लागायची.
आता अण्णा, आणि मी. अण्णा मऊ भात खातात.
दहा काढून मेबलच्या डब्यात भरल्या,
उद्या दिवसभर तीच बसणार आहे त्यांच्यापाशी.
तिच्यासाठी फ्रिजवर कागद लावला:
आठला पिवळी गोळी, खाल्ल्यावर पांढरी अर्धी,
बोलायचं ते उजव्या कानाशी,
‘ती कुठे गेली’ विचारलं तर दर वेळी खरं सांगायचं.
कागद ओजसच्या यादीच्या दुप्पट झाला.

ताणकाट्याला सॅक अडकवली: सात किलो शंभर.
छत्री काढली. डिसेंबरात छत्री!
सुई-दोरा काढला, मग परत ठेवला.
बामची बाटली काढून बोटभर बाम
कुंकवाच्या रिकाम्या डबीत घेतला.
स्टीलचा डबा काढला, दशम्या फडक्यात बांधल्या.
किल्ल्यांचा जुडगा काढला, तळहातावर तोलला.
यातल्या निम्म्या कुठल्या कुलपांच्या
ते मलाच आठवेना,
आणि हे लोखंड मी रोज पोस्टात नेते, परत आणते.
पाच किलो चारशे.
पार्सल असतं तर म्हटलं असतं, चालेल.

शिट्टीसाठी खाली उतरले.
गेटवरच्या पाठकने गळ्यातून काढली, सदऱ्याला पुसून दिली.
‘कल रात तक लौटाना, ताई.
आज डंडे से काम चला लूँगा.’
बरं झालं.
कुणाचं काही परत द्यायचं असलं
की माणूस पाय जपून टाकतो.

अण्णा जागेच होते.
‘कसली पिशवी?’
‘उद्या माहुलीला जाते आहे. सकाळी सांगितलं होतं.’
‘काय आहे तिथं?’
खिडकीपलीकडच्या त्या माणसासारखी
मी नजर चुकवली. ‘डोंगर.’
बराच वेळ बोलले नाहीत. वाटलं, झोप लागली.
मग म्हणाले, ‘पायाची नखं काप.
उतरताना बोटं पुढे आदळतात.’

रात्री नखं कापू नयेत
म्हणून ज्यांनी माझ्या हातातली कात्री हिसकावली होती,
तेच हे.
‘तुम्ही कधी गेला होता, अण्णा?’
तोंड भिंतीकडे. उजवा कान उशीत,
वर तो डावा, ऐकू न येणारा.

पावणेबारा. जुना पेपर पसरून
दिव्याखाली बसले आहे.
अंगठ्याचं नख जाड झालंय, दोनदा दाबावं लागतं.
तुकडा उडतो कुठेतरी, ओट्याखाली,
मी टॉर्च सुरू करून शोधते.