समोरची बाग

आमच्या खिडकीसमोर बाग आहे.
मानखुर्द, इमारत क्रमांक सदतीस, पाचवा मजला.
पाचव्या मजल्याच्या उंचीवर बाग कशी,
हे मला कधी विचारावंसं वाटलं नाही.
सव्वा महिन्याची असताना वॉर्ड ऑफिसात नेऊन
सगळ्यांच्या पोरांसारखे माझेही डोळे भरले.
थेंब थंड होते म्हणे. मी रडले नाही. आईने पेढे वाटले.

बागेत बहावा आहे, बारा महिने पिवळा.
एक बाक, त्यावर कधीच कुणी बसत नाही.
दुपारी बागेतून सुक्या बोंबलाचा वास येतो,
रात्री नऊला कुणीतरी कुणाला तरी रागावतं,
आणि सकाळी, शाळेच्या वेळेला, तीन शिट्ट्या.
शिट्ट्यांचं उत्तर चौथीच्या पुस्तकात आहे:
शिटकर. राखाडी पक्षी. पहाटे घरट्यातून वाफ सोडतो.
मला त्या प्रश्नाला पाचपैकी पाच होते.

मंगळवारी, सात वाजून चार मिनिटांनी,
बाग गेली.
विझली नाही, फुटली नाही,
डोळ्यातून कुसळ निघावं तशी निघाली
आणि तिथे भिंत होती. शेवाळलेली, पाइप गळणारी.
भिंतीत खिडकी.
खिडकीत एक मुलगी,
अर्धी वेणी घातलेली, दातांत हिरवी रिबीन.
इतकी जवळ, की हात लांब केला असता
तर तिच्या दोरीवरचा टॉवेल माझ्या हातात आला असता.
तिच्या मागे गॅसवर कुकर.
त्याने शिट्टी दिली.
"ताई, शिटकर!" प्रज्ञेश किंचाळला,
आणि मला हसू फुटलं, आवरेना,
तीही हसली, रिबीन पडली.
तिने काहीतरी विचारलं, ते दुसऱ्या शिट्टीत गेलं.
मी "काय?" म्हणाले
बहाव्याला.

अकरा मिनिटं, असं नंतर कळलं.
मला एक वाटलं होतं.

बुधवारी दृश्य खात्याचे दोघे आले.
चहा घेतला, बिस्किटं नको म्हणाले,
छापील कागद पुढे केला:
मी, सुगती गायसमुद्रे, वय पंधरा, लिहून देते की
काल सकाळी मला जे दिसलं ते नव्हतं.
आईने सही केली. मग मी केली.
"नव्हतं"वर शाई जरा पसरली, एवढंच.

ते गेल्यावर विचारलं, तुला माहीत होतं?
तांदूळ निवडता निवडता ती म्हणाली,
"बोंबील काय झाडाला लागतात, बाई?"
मग बराच वेळ काही नाही. मग,
"अर्ज आम्हीच दिला होता. दोन्हीकडच्यांनी.
फार जवळ होतं गं सगळं.
त्यांचं भांडण आमच्या ताटात,
आमची अंघोळ त्यांच्या डोळ्यांत.
बाग आली त्या रात्री मी पहिल्यांदा
खिडकी उघडी ठेवून झोपले."

आता रात्री मी बाकाकडे बघत बसते.
तिच्या खिडकीतून मी काय असेन?
गुलमोहर? कारंजं?
की मीच तो बाक?

शनिवारी कपडे काढताना
दोरीवर बोटांना काहीतरी लागलं.
बघितलं तर दोरी. नुसती दोरी.
डोळे मिटले तर गाठ,
गुळगुळीत, दोन पदरी, टोकं लोंबणारी.
रंग मला माहीत आहे.

आई आतून ओरडली, किती वेळ, दव पडतंय.
मी प्रज्ञेशच्या जुन्या बुटाची लेस घेतली
आणि बागेत हात घातला,
पिवळ्या फुलांतून आरपार, आधी मनगट,
मग कोपर, मग खांदा गजाला टेकेपर्यंत,
चाचपडत राहिले.

कुणाची तरी बोटं ओली होती.
भांडी घासत असावी.