पाटीवर मावलं नाही ते

पाटीवर चारच शब्द मावतात.
पाचवा लिहिला की अक्षरं बारीक होतात,
आणि बारीक अक्षर वाचायला
माणूस पाण्याच्या आणखी जवळ जातो.
म्हणून एवढंच लिहितो: पोहू नका, मगरी आहेत.

बाकीचं तोंडी सांगतो. तुमच्या बसला अजून वेळ आहे.
त्या डब्यावर बसा, रंग सुकलाय.

सकाळी बूट झटकून घाला.
विंचू बिचारा रात्रभर कोरडी जागा शोधत असतो,
त्याचं तुमच्याशी काही वाकडं नाही.
गाडीत पिशवी दिसेल अशी ठेवू नका.
चोराचं सांगत नाही, चोर तुमच्याकडेही असतील.
काचेचं सांगतो. नवी काच मिळते ती चार तासांवर,
तोवर पाऊस तुमच्या मांडीवर बसून येणार.

पहाटे जंगलातून डरकाळी येईल,
काळजात धस्स होईल.
माकड आहे. गर्जेल तो पडेल काय.
भ्यायचं ते गप्प असणाऱ्याला.
वाळूतलं ते सावलीचं झाड बघा,
चिमुकली हिरवी सफरचंदं, वासाला गोड.
चाखू नका. पावसात त्याच्याखाली उभेही राहू नका,
पानांवरून गळणारं पाणी अंगावर फोड आणतं.
त्यापेक्षा दोन्या निदियाच्या दुकानात शिरा.
ती कॉफी देईल, पैसे घेईल,
आणि लग्न झालंय का विचारेल.
खोटं सांगितलंत तरी चालेल. सगळे सांगतात.

नदी उतरताना डोक्यावरचं आभाळ बघू नका,
ते निळंच असतं.
डोंगराकडे बघा. तिकडे काळवंडलं
की इथलं घोट्याएवढं पाणी
बुटाची नाडी सोडेपर्यंत कमरेला लागतं.

आणि समुद्र.

ती तिसरी पाटी, लाल बाणाची,
मी ईस्टरच्या आठवड्याआधीच रंगवली होती.
नगरपालिकेने अर्धे पैसे दिले,
उरलेले सोमवारी, म्हणाले.
मी म्हटलं, मग पाटीही सोमवारी.
ती इथेच होती, या भिंतीला टेकून,
कोरडी ठणठणीत.
तिच्यावर मी माझा शर्ट वाळत घातला होता.

शनिवारी राजधानीहून बस आली.
विल्मर नावाचा पोरगा, सतरा वर्षांचा,
बेकरीत पाव भाजायला होता.
पोहणं पट्टीचं. तेच नडलं.
पाणी आत ओढत होतं
आणि तो सरळ किनाऱ्याकडे हात मारत राहिला,
दम होता तोवर.
समोर त्याची आई उभी होती,
दोन्ही हातांनी बोलावत होती, इकडे, इकडे.

सोमवारी पैसे आले.
मोजून, पावतीसकट.

म्हणून सांगतो, पाण्याशी भांडू नका.
आडवे पोहा, किनाऱ्याला धरून, त्याची ओढ संपेपर्यंत,
मग वळा.
बाण आडवा आहे तो त्यासाठी.
लोक थट्टा करतात, तार्सिसियो,
तुझा बाण कुठे नेतो? तिकडे ना हॉटेल, ना गाव.
मी म्हणतो, नाहीच आहे तिकडे काही.
तिकडून परत येता येतं, एवढंच.

खारी हवा लाकूड खाते,
दर पावसाळ्यानंतर मी तो बाण पुन्हा काढतो.
पालिकेला विचारत नाही.
नव्या साहेबाला वाटतं, पाटी पहिल्यापासून तशीच ताजी आहे.

आली तुमची बस. उजवीकडे बसा,
डावीकडे दरी दिसते आणि ड्रायव्हर एलादियो
दरीकडे बघत गप्पा मारतो.
पासपोर्ट शर्टाच्या आत ठेवा.
सुट्टे हातात.

आणि अहो,
मागे पिवळं लागलंय तुमच्या पँटला.
माफ करा.
मला वाटलं, सुकला असेल.