अठरा मरतात, अठरा उरतात

उर्सुलाने कागदावर दहा ठिपके काढले होते,
सारख्या अंतरावर, फूटपट्टी लावून.
तांब्याच्या दहा मात्रा, दर मात्रेला दहा बशा,
दर बशीत कालवांची शंभर पिल्लं,
सगळी मिळून चिमूटभर मिठाएवढीही नसतील.
छान दिसतंय, मी म्हटलं, रांगोळीसारखं.
पण यातले सहा ठिपके काहीच सांगणार नाहीत.

डावीकडे सगळी जगतात. उजवीकडे सगळी मरतात.
ते आजच ठाऊक आहे,
त्यासाठी कशाला कोणाला बुडवायचं?
रेषा बोलते ती चढताना:
जिथे शंभरातली अठरा मरतात,
आणि जिथे अठराच उरतात.
बशा तिथे मांडू.
एखादी रांग मधोमध, आकारच चुकला असेल तर.
आणि काही नुसत्या पाण्याच्या,
कारण मरण तांब्याशिवायही येतं
आणि तेही मोजावं लागतं.

"पण ती अठरा कुठे मरतात
हे कळावं म्हणूनच तर प्रयोग ना?"
तिने पेनाला टोपण लावलं.
माझ्याकडे सूत्र होतं. उत्तर नव्हतं.
खिडकीबाहेर चिखलीची खाडी, पलीकडे गोदीत
बार्जचं पोट खरवडणं चाललेलं.

मग तीच म्हणाली, कुठ्ठाळीच्या खाजनात
पप्पा मानशीचं दार सांभाळायचे.
दिवसभर जाळं टाकून बसत नसत,
पाणी फिरतं तेवढ्या अर्ध्या घटकेत टाकत.
कधी फिरेल, ते चंद्रावरून धरत.
"पहिली दोन वर्षं मात्र नुसतं शेवाळ.
आई काय काय बोलायची त्यांना."

तेव्हा आधी आठ बशा, फक्त चुकायला.
मग त्या चुकीवरून उरलेल्या बत्तीस.
अठ्ठेचाळीस तासांनी
ती भिंगाला डोळा लावून पुटपुटत राहिली:
हलतंय, हलतंय, नाही, हलतंय, नाही, नाही.

सहा हजार पिल्लं लागलीच नाहीत.
वहीत त्याला रकाना नव्हता, तिने समासात लिहिलं.
ओहोटी लागायच्या आत
बादली घेऊन आम्ही धक्क्यावर गेलो, ओतली.
पाण्यावर गोदीच्या रंगाची तांबडी साय होती.
इथली मात्रा किती, मला माहीत नाही.
आणि नुसत्या पाण्याची दुसरी झुआरी
कोणी बाजूला काढून ठेवलेली नाही.

उर्सुलाने बादली विसळली.
पुन्हा विसळली.