हयातीचा दाखला

नोव्हेंबरात कंपनीच्या पेन्शनीला
माणूस जिवंत आहे, एवढं कळवावं लागतं.
म्हणून आज्याला घेऊन गेले घणसोलीच्या नाक्यावर,
झेरॉक्स, रिचार्ज आणि आधारच्या दुकानात.

जोमा कान्हा मढवी, राहणार तळवली.
रबाळ्याच्या रंगाच्या कारखान्यात एकवीस वर्षं;
त्याआधी बापाबरोबर चार एकर खारपाट,
जिथे आता एका सोसायटीचा पोहायचा तलाव आहे.
आजा म्हणतो, पाणी तिथं तवाही साचायचंच.

अंगठा ठेवला. मशीन लाल झालं.
पुसून ठेवला. लाल.
डावा, उजवा, करंगळीसुद्धा.
दुकानातल्या पोरानं बोट उजेडात धरलं.
"रेषाच नाहीत, आजोबा. काय काम करता?"
"रिटायर हाय," आजा म्हणाला
आणि दुसरा हात पाठीमागे नेला, नखांसकट.

हायटेन्शनच्या टॉवरखाली दीड गुंठा.
जमीन कुणाची ते ठरवणारे ठरवतील,
तोवर तिथं माठ, मुळा,
रंगाच्या रिकाम्या डब्यांतून अळू.
दवाच्या पहाटे वर तारा गुणगुणतात.
शेजारच्या सऱ्या हिराजी केणीच्या,
वय एक्क्याऐंशी, बंदरातून निवृत्त.
दोघांमध्ये वीतभर बांध,
आणि त्या बांधावरून भांडण
चार एकरांना शोभेल एवढं.

पोरानं उपाय सांगितला:
तीन दिवस मातीत हात नको.
रात्री खोबरेल लावा. रेषा वर येतील.

दिवस वालाचे, जमिनीतली ओल उडून जायचे.
आदल्याच संध्याकाळी त्यानं टोकले होते,
एकेक दाणा.

पहिल्या दिवशी आजा टीव्हीसमोर बसला,
रिमोट उलटा धरून.
दुसऱ्या दिवशी गॅलरीतल्या तुळशीपाशी सापडला.
"हात!" मी ओरडले.
तो दचकला, कैऱ्या पाडताना पकडल्यासारखा.
तिसऱ्या दिवशी नुसते तळवे बघत राहिला:
मऊ, तेलकट, कुणा कारकुनाचे असावेत तसे.
शहात्तर वर्षांत
निवृत्त तो एवढाच झाला.

चौथ्या दिवशी मशीन हिरवं.
"आहात, आजोबा," पोरगा म्हणाला.
कागद मी घेतला.
आजा तोवर रस्ता ओलांडून निघालेला, टॉवरकडे.

हिराजीनं पाणी घातलं होतं,
बांधावर पाय न ठेवता,
पलीकडूनच, मगानं.
आणि वाल वर आलेला.
ओळीनं, माना वाकवून,
काहींच्या डोक्यांवर अजून टरफलं.

आजा उकिडवा बसला.
बराच वेळ काही बोलला नाही.
मग, जरा रुसल्यासारखा,
"माज्याबिगर?"

आणि अंगठ्यानं
एकाचं टरफल उडवलं.