राखीव नमुना

कोयलीच्या लॅबमध्ये एकतीस वर्षं
मी पेट्रोल नाकाने ओळखलं.
यंत्र नंतर सांगायचं, मी आधी.
पाक झाला हे आई कसं ओळखायची, तसंच ते,
कुणाला शिकवता आलं नाही.

आता खाली, जिन्यालगत,
पांढरी गाडी भिंतीकडे तोंड करून उभी असते रात्रभर,
शिक्षा झालेल्या मुलीसारखी.

ऋजुताने आणली. मला विचारून आणली,
म्हणजे आधी बुक केली, मग विचारलं.
"आई, तुझ्याच दम्यासाठी."
दमा कुठून आला ते दोघींनाही माहीत आहे,
आणि ह्या फ्लॅटचे हप्ते कुठून गेले तेही.
तिची फी. तिच्या दातांच्या तारा.

सोसायटीत दोन मिटिंगा झाल्या.
पंकजभाई अमीन म्हणाले, वीज कॉमन मीटरमधून तर जाणार नाही ना?
मग म्हणाले, स्फोट झाला तर?
स्फोटाचं मला विचारा, असं मी म्हणणार होते,
तेवढ्यात चहा आला.

गाडी चांगली आहे. उगाच नावं ठेवत नाही.
कारेलीबागेच्या सिग्नलला मला पहिल्यांदाच ऐकू आलं,
शेजारच्या स्कूटरवरची बाई मुलाला पाढे विचारत होती.
सतरा साते पाशी पोरगा अडला.
मी काच खाली करून म्हटलं, "एकसो ओगणीस."
इंजिनाच्या आवाजाखाली अशी किती गणितं बुडाली असतील.

पण हिला पायाखालून उत्तर येत नाही.
फियाट उलटून बोलायची, तिसऱ्या गिअरला तर भांडायचीच.
गेटवरचं पिवळं कुत्रं तिच्या खाकरण्याने उठून बाजूला व्हायचं.
हिच्याखाली ते खुशाल झोपून राहतं.
रोज सकाळी मी टाळ्या वाजवून उठवते,
आणि दोघंही जरा ओशाळतो.

छाणी रोडच्या पंपावर जयंती म्हणायचा,
"बेन, झीरो जोई लेजो."
मी बघून घ्यायचे.
तेव्हा सगळं शून्यापासून सुरू व्हायचं.
आता शून्याकडे जायचं असतं.
डाकोरहून परतताना पडद्यावर एकशे बारा, चौसष्ट, अठ्ठावीस.
ऋजुताने एसी बंद केला, मग गाणी,
मग आम्ही दोघी बोलायच्याही थांबलो,
जणू बोलण्यालाही वीज लागते.

धूर गेला, म्हणतात.
गेला कुठे? महीच्या काठाने वर, वणाकबोरीला.
तिथल्या चिमणीखाली कुणाची तरी ऋजुता
वाळत घातलेली चादर पुन्हा झटकत असेल.
मी हे बोलून दाखवलं.
ती म्हणाली, "मग काय करू, चालत जाऊ?"
उत्तर नव्हतं माझ्याकडे. गुडघेही नाहीत.

गच्चीवरून रात्री कोयलीची ज्योत दिसते, अजून.
लहानपणी तिला वाटायचं,
आई तिकडे गॅस बंद करायला विसरून आली.

फियाट न्यायला इस्माईलभाई आला,
तेव्हा टाकीत साडेतीन लिटर निघालं.
तो कॅनमध्ये ओतत होता. थांबा, म्हटलं,
आणि नाक खाली नेलं.
शिळं. आंबूस. वॉर्निशकडे झुकलेलं.
नापास.
तरी जुन्या सवयीने एक तपकिरी बाटली भरून घेतली,
लेबल डकवलं: तारीख, टाकी, तपमान, सही.
दर खेपेतला एक नमुना राखून ठेवायचा असतो,
पुढेमागे वाद निघाला तर असावा म्हणून.

बाल्कनीत आहे ती, सावलीत, मनीप्लांटच्या मागे.
ऋजुता म्हणते, फेक ना, घरात असलं कुणी ठेवतं का!
तिचं बरोबर आहे. नियमही तिच्याच बाजूचा,
मीच इतरांना शिकवलेला.
बूच घट्ट आहे. तरी महिन्याला बोटभर उतरते पातळी.
वाद घालायला अजून कुणी आलेलं नाही.