शेड कार्ड

श्रीलताने हैदराबादहून डबा पाठवला,
त्यात चहाच्या नऊ पुड्या, नऊ वासांच्या.
आज चार दिवसांनी नळ आला, पहाटे तीनला.
राजव्वाने एक कळशी वेगळी झाकून ठेवली,
म्हणाली, बोअरच्या पाण्यात गुलाबसुद्धा खारट होतो.

मी डाइंगचा माणूस.
अक्कलकोट रोडला एकतीस वर्षं टॉवेलचे रंग जुळवले.
खिडकीत पांढरा टॉवेल अंथरला,
जावई पहिल्यांदा आला तेव्हा घेतलेले
काचेचे ग्लास त्यावर मांडले.
ट्यूबलाइटखाली रंग खोटं बोलतो,
हे मी मालकालाही तोंडावर सांगितलेलं.

गवती चहा: हळद लागलेलं बोट दोनदा धुतल्यावर.
मोगरा: ऑफव्हाइटच्या पुढे अर्धी पायरी.
जास्वंद: मरून, पण कच्चा, पहिल्याच धुण्यात सोडेल.
जुन्या शेडच्या वहीत, मागच्या कोऱ्या पानांवर
मी नंबर टाकत गेलो.

ती डोळे मिटून.
तेराव्या वर्षापासून विड्या वळलेली बाई,
तंबाखूत ओल किती ते सूप मांडीवर घेतानाच कळायचं तिला.
कारखान्यात छाट काढताना
तिच्या कट्ट्यांपाशी चेकर नुसता उभा राहायचा.
'ह्यातली दालचिनी जुनी आहे.'
मी म्हणालो, जुनी आहे.
'हा गुलाब साबणातला.'
मी म्हणालो, हो, साबण.
लिहिलं: साबण.

मग पाठमोरी होऊन तिने एक ग्लास भरला.
'हा बघा केवडा.'
मी फुंकर घातली, घोट घेतला, जिभेवर फिरवला.
'वा. थोडा उग्र आहे, पण केवडा तो केवडाच.'
रंग ओळखीचा होता,
इतका ओळखीचा की मी बघितलाच नाही.

ती काही बोलली नाही.
गॅस बारीक केला.
शेजारचे लूम जेवणाच्या सुट्टीला बंद पडले
आणि घरात एकदम खूप जागा झाली.
'ही आपली रोजची पत्ती,' ती म्हणाली.
'नुसती. दूध न घातलेली.'
आणि मग,
'कधीपासून?'

काय सांगणार.
हायड्रोच्या वाफेने गेला, की त्या वर्षीच्या तापाने,
एकदम गेला की उसवत उसवत,
तारीख कुठे लिहून ठेवतो माणूस.
'म्हणून सिलिंडर गळत होतं तेव्हा
तुम्ही पेपर वाचत बसला होता!'
तिने ओट्यावर चमचा आपटला. भांडली. भरपूर भांडली.
सहा वर्षं माझ्या आमटीला छान छान म्हणालात,
ते कशाच्या जोरावर?
तिखटाच्या, मी म्हणालो.
तिखट कळतं मला.

मग ग्लास एकेक करून तिने परत पुढे ओढले.
'हा मोगरा. ताजा नव्हे.
तुमच्या बहिणीच्या लग्नानंतर सकाळी
उशीवर राहिलेला गजरा, तसा.
हा धुराचा. गड्ड्यावरून रात्री आल्यावर
शालीला यायचा ना, तो. भज्यांचं तेल वजा करून.
आणि हा,' जास्वंदीचा ग्लास तिने माझ्या हातात दिला,
'ह्याला वासच नाही. हा तुम्हीच प्या.'

आंबट होता. सगळा प्यायलो.

तीन पुड्या उरल्या, त्या मिठाच्या बरणीमागे गेल्या.
आता पाणी सोमवारी.
वहीतला केवडा खोडायला पेन उचललं
तर म्हणाली, राहू दे.

संध्याकाळी श्रीलताचा फोन. स्पीकरवर.
'नाना, कुठला आवडला?'
मी तोंड उघडायच्या आत
राजव्वा विड्या मोजताना म्हणायची तशी
ठाम आवाजात म्हणाली, 'केवडा.'

पलीकडे जरा शांतता.
'अम्मा, केवडा नव्हताच त्यात.'